घोडा परदेशातून येतो तेव्हा

१९५६ सालच्या ऑलिम्पिक स्पर्धा मेलबर्नमध्ये झाल्या, परंतु त्यांतील अश्वारोहणाच्या स्पर्धा तेथे झाल्या नाहीत. त्या त्याच वर्षी जून महिन्यात, म्हणजे मुख्य स्पर्धांच्या पाच महिने आधी, स्टॉकहोममध्ये घ्याव्या लागल्या. बाहेरून येणाऱ्या घोड्याला दीर्घ काळ विलगीकरणात ठेवण्याचा ऑस्ट्रेलियाचा नियम होता आणि तो ऑलिम्पिकसाठीसुद्धा शिथिल करण्यास तेथील सरकार तयार झाले नाही. पुढे २००८ मध्ये बीजिंगच्या स्पर्धांतले घोडे हाँगकाँगला उतरवावे लागले, त्यामागेही रोगमुक्त क्षेत्राची खात्री हाच प्रश्न होता. जगातील सर्वांत मोठ्या क्रीडासोहळ्यासाठी जे नियम वाकले नाहीत, ते एखाद्या खासगी खरेदीदारासाठी वाकणार नाहीत, हे परदेशातून घोडा आणू इच्छिणाऱ्याने आरंभीच समजून घेतलेले बरे.

घोडा आयात करायचा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी विमान येते: पाचशे किलो वजनाचे, जरा खुट्ट झाले की बिचकणारे जनावर ढगांमधून कसे नेत असतील, हे कुतूहल स्वाभाविक आहे. माझ्या मते मात्र विमान हा या व्यवहारातला सर्वांत बंदिस्त आणि नीट सांभाळला गेलेला टप्पा आहे. खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे घोड्याचे रक्त, कारण देशाची सीमा ते तपासून मगच उघडते. आणि दुसरे म्हणजे त्याची फुप्फुसे व आतडी, कारण प्रवासाचा खरा भार त्यांच्यावर पडतो. या दोन्ही गोष्टींची तयारी प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी सुरू करावी लागते आणि त्यांचे परिणाम घोडा उतरल्यानंतरही काही दिवस दिसत राहतात.

आधी रक्ताविषयी पाहू. निरोगी दिसणारा, उत्तम धावणारा, चकचकीत कातडीचा घोडाही रोगाचा वाहक असू शकतो, ही यातली मूळ अडचण आहे. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय हा विषाणुजन्य आजार त्याचे ठळक उदाहरण आहे. एकदा लागण झाली की विषाणू आयुष्यभर शरीरात राहतो, चावणाऱ्या माश्या आणि दूषित सुया तो दुसऱ्या घोड्यापर्यंत नेतात, आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. लिरॉय कॉगिन्स या पशुवैद्यकाने १९७० च्या सुमारास शोधलेली रक्तचाचणी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि घोड्यांच्या वाहतुकीच्या कागदपत्रांत ती वारंवार भेटते. पायरोप्लाझ्मोसिस हा गोचिडांमार्फत पसरणारा आजार खरेदीदाराला याहून अधिक अडचणीत आणणारा आहे. उष्ण प्रदेशांत, तसेच भूमध्य सागराच्या आसपासच्या देशांत तो इतका रुळलेला आहे की तेथील पुष्कळ घोड्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळतात आणि तरीही ते घोडे कामाला खणखणीत असतात. अमेरिकेसारखा देश मात्र अशा घोड्याला प्रवेश नाकारतो. म्हणून ज्या देशात घोडा न्यायचा आहे तो देश ज्या चाचण्या करणार, त्याच चाचण्या त्याच पद्धतीने सौदा पक्का करण्यापूर्वी करून घ्याव्यात. पायांचे क्ष-किरण काढणारे आणि चाल बारकाईने पाहणारे खरेदीदार ही गोष्ट विसरतात आणि नंतर हातात उत्तम घोडा असूनही त्याला घरी नेता येत नाही.

देश इतके कठोर का होतात, हे दोन-तीन घटनांवरून कळते. १९८७ साली नामिबियातून स्पेनमधील माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानात झेब्रे आणले गेले. झेब्रा आफ्रिकन हॉर्स सिकनेस या रोगाचा विषाणू बाळगतो, पण स्वतः सहसा आजारी पडत नाही. घोड्यांत मात्र हा रोग अत्यंत घातक ठरतो. तो घोड्याकडून घोड्याला स्पर्शाने होत नाही, तर चिलटासारख्या बारीक चावऱ्या कीटकांमार्फत पसरतो, त्यामुळे तबेल्याचे दार बंद करून तो थांबत नाही. स्पेनमध्ये ही साथ १९९० पर्यंत पुनःपुन्हा डोके वर काढत राहिली आणि शेजारच्या पोर्तुगाल व मोरोक्कोपर्यंत पोहोचली. २०२० मध्ये हाच रोग थायलंडमध्ये प्रथमच शिरला आणि ५०० हून अधिक घोडे दगावले.

ऑस्ट्रेलियाची २००७ ची घटना वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे घोड्यांचा इन्फ्लुएंझा कधीच नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीक येथील विलगीकरण केंद्रातून बाहेर पडला. नंतरच्या चौकशीत, विषाणू बहुधा केंद्रात जाऊन आलेल्या माणसाच्या अंगाकपड्यांवरून किंवा साहित्यावरून बाहेर गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे घोडे कुंपणाआडच होते, पण हात न धुता आणि कपडे न बदलता बाहेर पडणारा माणूस पुरेसा ठरला. सुमारे १०,००० ठिकाणी लागण पसरली, शर्यती थांबल्या आणि राज्याराज्यांतून घोड्यांच्या हालचालीवर बंदी आली. लसीकरण आणि हालचालबंदी यांच्या जोरावर काही महिन्यांत हा रोग समूळ हटवण्यात आला, ही कामगिरी खरोखर असामान्य होती. विलगीकरण केंद्रात मालकाला घोड्याजवळ का जाऊ देत नाहीत, किंवा मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याला, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाहेर का सोडत नाहीत, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने ही साथ आठवावी.

पैदाशीच्या घोड्यांचे नियम आणखी कडक असतात. १९७७ साली इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे घोड्यांच्या गर्भाशयाचा एक संसर्गजन्य जिवाणू-आजार प्रथम ओळखला गेला. नरामध्ये त्याची काहीच लक्षणे दिसत नाहीत, घोडी मात्र गाभण राहत नाही. त्यामुळे या आजाराच्या देशांतून अमेरिकेत येणाऱ्या, दोन वर्षांहून मोठ्या नराला आणि घोडीला नेहमीच्या विलगीकरणानंतर आणखी एका विलगीकरणातून जावे लागते. घोडीचे काम साधारण दोन आठवड्यांत होते. नराचे नमुने तपासूनच भागत नाही: त्याचा दोन माद्यांशी संयोग घडवून, मग त्या माद्यांचीही तपासणी केली जाते आणि यात महिनाभर किंवा अधिक काळ जातो. खच्ची केलेल्या घोड्याला यातले काहीच लागू होत नाही, हा फरक खरेदीच्या वेळीच ध्यानात घ्यावा.

नराच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. विषाणुजन्य धमनीदाह या आजारात बाधित नर आपल्या वीर्यातून वर्षानुवर्षे विषाणू सोडत राहू शकतो. या आजारावर लस आहे, परंतु लस दिल्यावर रक्तात जी प्रतिपिंडे तयार होतात, ती लसीमुळे आली की आजारामुळे, हे साध्या रक्तचाचणीवरून सांगता येत नाही. म्हणून लस टोचण्याच्या आधी रक्त तपासून ‘तेव्हा हा घोडा निर्लेप होता’ असा दाखला घ्यावा लागतो. हा एक कागद वेळेवर न केल्यामुळे पूर्ण निरोगी नराकडेही कायम संशयाने पाहिले जाऊ शकते.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर त्यांचे मर्म एका गोष्टीत आहे: प्रत्येक कागदाला स्वतःचे दिवस ठरलेले असतात. आयात करणाऱ्या देशाचा परवाना आधी लागतो, कारण कोणत्या चाचण्या आणि किती दिवसांचे विलगीकरण हे त्यावरूनच ठरते. मग घोडा जिथून निघणार तेथे काही काळ इतर घोड्यांपासून वेगळा ठेवला जातो. या काळात ठरावीक दिवसांच्या चौकटीतच रक्ताचे नमुने घ्यावे लागतात, इन्फ्लुएंझाची लस निघण्यापूर्वी फार आधीही चालत नाही आणि फार उशिराही चालत नाही, आणि अखेरीस सरकारी पशुवैद्यकाची सही असलेला आरोग्यदाखला मिळतो, ज्याची मुदत मोजक्याच दिवसांची असते. विमान दोन दिवस पुढे ढकलले गेले तर ही सारी साखळी तुटू शकते. त्यामुळे जाणकार लोक तारखा उलट मोजतात: उतरण्याचा दिवस धरून मागे मागे येत पहिल्या लसीपर्यंत पोहोचतात.

ओळखपत्राबाबतही तितकीच दक्षता हवी. घोड्याच्या मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीलगत, तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असते आणि तिचा क्रमांक १५ अंकी असतो. घोड्याच्या पासपोर्टात हा क्रमांक, रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे आणि केसांचे भोवरे आकृतीसह नोंदलेले असतात. चाचणीच्या कागदावर या क्रमांकातील एक अंक चुकला, तर कायद्याच्या दृष्टीने ती चाचणी दुसऱ्याच घोड्याची ठरते. पासपोर्ट असला म्हणजे प्रवेश मिळाला, असेही समजू नये. तो ओळख सांगतो, आरोग्याची हमी देत नाही. घोडा कायमचा आणला जात आहे की स्पर्धेपुरता, हेही आधीच स्पष्ट करावे. स्पर्धेसाठी येऊन परत जाणाऱ्या घोड्याला अनेक देशांत कार्ने नावाच्या तात्पुरत्या आयातीच्या कागदावर सीमाशुल्काशिवाय आणता येते, पण तोच घोडा मुक्कामी विकला गेला तर शुल्काचा आणि आरोग्यनियमांचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

काही सीमा मात्र कोणत्याही कागदाने उघडत नाहीत. आइसलँडमध्ये घोडा आयात करण्यास पूर्ण बंदी आहे, आणि तेथून बाहेर गेलेला आइसलँडी घोडासुद्धा पुन्हा मायदेशी येऊ शकत नाही. स्पर्धेसाठी परदेशी जाणारा तेथील स्वार आपल्या घोड्याचा कायमचा निरोप घेऊनच निघतो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून सुमारे १,३६,००० घोडे समुद्रमार्गे परदेशी पाठवले गेले आणि त्यांतला सँडी नावाचा एकच घोडा परत आला. खर्च आणि विलगीकरणाचे नियम या दोन कारणांनी बाकीच्यांची वाट बंद झाली होती.

आता घोड्याच्या शरीराकडे वळू, कारण प्रवासातील बहुतेक काळजीचे मूळ त्याच्या एका सवयीत आहे. घोडा दिवसाचा मोठा भाग मान खाली घालून चरण्यात घालवतो. मान खाली असताना श्वासनलिकेत शिरलेली धूळ, चाऱ्याचे कण आणि जिवाणू कफाबरोबर आपोआप नाकाकडे वाहून येतात. प्रवासात हीच मान बांधून वर ठेवली, तर हा निचरा थांबतो आणि काही तासांतच नाकाघशातले नेहमीचे जिवाणू खाली फुप्फुसांच्या दिशेने साचू लागतात. त्यात ताणामुळे प्रतिकारशक्ती मंदावलेली असते, लघवीतून सुटलेला अमोनिया श्वासमार्गाला झोंबत असतो आणि डोक्याशी टांगलेल्या जाळीतल्या वाळक्या गवताची धूळ थेट नाकात जात असते. शिवाय घोडा केवळ नाकानेच श्वास घेऊ शकतो. माणसासारखे तोंड उघडून श्वास घेणे त्याच्या शरीररचनेत बसत नाही. या सर्वांतून जो आजार होतो त्याला प्रवासज्वर म्हणतात. तो फुप्फुसे आणि त्यांच्याभोवतीचे आवरण यांचा दाह असतो आणि वेळेत न ओळखल्यास प्राणावर बेततो.

यावरचा उपाय फार साधा आहे. बांधण्याची दोरी इतकी सैल हवी की घोड्याला मान छातीखाली नेता येईल, गवत ओले करून द्यावे, हवा खेळती ठेवावी, आणि रस्त्याच्या प्रवासात दर चार-पाच तासांनी थांबून मान मोकळी सोडावी. निघण्यापूर्वी ताप किंवा खोकला असेल, तर तो कितीही किरकोळ वाटला तरी त्या दिवशी घोडा नेऊ नये. मुहूर्त चुकण्याची, पैसे बुडण्याची भीती मी समजू शकतो, पण आजारी फुप्फुसांनी निघालेला घोडा पोहोचेपर्यंत बरा होत नाही.

फुप्फुसांनंतर क्रम लागतो आतड्यांचा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, कारण त्याचे शरीर थोडे थोडे पण अखंड खाण्यासाठी घडलेले आहे. उपाशी ठेवले तर जठराला व्रण पडतात, आणि जास्त चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, दिली तर प्रवासात पोटशूळ होण्याची भीती असते. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोटात बिघडलेले काही वर येऊन सुटका होण्याचा मार्गच नसतो. पाण्याचा प्रश्न तर याहून अवघड आहे. पाचशे किलोचा घोडा एरवी दिवसाला २५ ते ३० लिटर पाणी पितो, पण अनोळखी ठिकाणी, अनोळखी चवीचे पाणी पुष्कळ घोडे तोंडालाही लावत नाहीत. पाणी कमी पडले की आतड्यांतला चारा कोरडा होऊन अडकतो. त्यामुळे अनुभवी माणसे तबेल्यातलेच पाणी बरोबर घेतात, किंवा काही दिवस आधीपासून पाण्यात सफरचंदाचा रस मिसळून ती चव ओळखीची करून ठेवतात, म्हणजे पुढे कोणतेही पाणी त्या चवीने पाजता येते. लांबच्या प्रवासात घोड्याचे वजन २ ते ५ टक्के घटते. त्यात बराचसा वाटा पाण्याचा आणि आतडी रिकामी होण्याचा असतो.

उभे राहण्याचे कष्टही मोजायला हवेत. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि वाहनात ते शक्य नसते. वळणे, ब्रेक आणि खड्डे यांत तोल सावरण्यासाठी त्याचे स्नायू अखंड काम करत असतात. म्हणूनच विमानतळापर्यंतचा आणि तेथून पुढचा रस्ता हा कित्येकदा उड्डाणापेक्षा अधिक थकवणारा असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार घोड्यांना रस्त्याने सलग जास्तीत जास्त २४ तास नेता येते आणि त्यातही दर आठ तासांनी पाणी पाजणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत शर्यतीच्या व स्पर्धेच्या घोड्यांना यातून काही सूट आहे. माझ्या मते या मर्यादेच्या जवळपासही जाऊ नये.

विमानात घोडे मालवाहू कक्षात मोकळे उभे नसतात. सुमारे सव्वातीन मीटर लांब आणि अडीच मीटरपेक्षा किंचित कमी रुंद अशा बंद खोक्यात ते जमिनीवरच चढवले जातात आणि मग ते आख्खे खोके उचलून विमानात सरकवले जाते. एका खोक्यात तीन घोडे मावतात, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाऊण मीटर रुंदी येते. जास्त पैसे मोजल्यास दोन किंवा एकच घोडा ठेवता येतो, आणि अंगाने भरलेल्या किंवा चंचल घोड्यासाठी तो खर्च करावा. आतले तापमान माणसाला थंड वाटेल इतके कमी ठेवतात, कारण एकत्र उभे असलेले घोडे बरीच उष्णता आणि बाष्प बाहेर टाकतात. वैमानिक चढण आणि उतरण शक्य तितकी सौम्य ठेवतात. या सर्व गोष्टींसाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची जिवंत प्राण्यांसंबंधीची स्वतंत्र नियमावली आहे. उड्डाणाच्या वेळी घोड्यासमोर गवत ठेवण्याचे एक कारण असे की, चावण्या-गिळण्यामुळे कानांतला हवेचा दाब जुळवून घेणे सोपे जाते.

घोड्यांबरोबर मोतद्दार प्रवास करतात आणि माझ्या दृष्टीने त्या विमानातली सर्वांत महत्त्वाची माणसे तीच. घोड्याचे कान कुठे वळले आहेत, घाम कुठे सुटला आहे, कोण गवत खायचा थांबला आहे, हे त्यांना नुसत्या नजरेने कळते. गुंगीचे औषध सरसकट दिले जात नाही, कारण त्याने तोल जातो, रक्तदाब उतरतो आणि घाबरलेल्या घोड्याची प्रतिक्रिया कशी होईल हे सांगता येत नाही. ते गरज पडल्यासच, जाणकाराच्या हातून दिले जाते. एखादा घोडा अनावर होऊन विमानालाच धोका निर्माण झाला, तर त्याला मरण देण्याची साधनेही बरोबर ठेवलेली असतात. ही गोष्ट ऐकायला जड वाटते, पण मालकाने ती माहीत करून घेऊन मगच संमतिपत्रावर सही करावी.

अशी वेळ येऊ नये यासाठीची तयारी घरच्या तबेल्यातच होते. उताराच्या फळीवर चढणे, अरुंद जागेत उभे राहणे, शेजारी अनोळखी घोडा असणे, या गोष्टी काही आठवडे रोज थोड्या थोड्या करून घेतल्या, तर निघण्याच्या दिवशी ओढाताण होत नाही. मागच्या पायांचे नाल अनेकदा काढून ठेवतात, म्हणजे लाथ लागली तरी शेजाऱ्याला इजा कमी होते. दिवस भरत आलेली घोडी, तसेच नुकतीच व्यालेली घोडी आणि तिचे शिंगरू यांना नेऊ नये.

घोडा उतरला की त्याच्याबरोबर आलेले गवत, अंथरूण आणि लीद रोगाच्या भीतीने नष्ट केली जाते, आणि त्याला विलगीकरण केंद्रात नेले जाते. अमेरिकेत बहुतेक देशांतून आलेल्या घोड्याला येथे काही दिवस पुरतात, पण आफ्रिकन हॉर्स सिकनेसच्या देशातून आलेल्याला ६० दिवस काढावे लागतात. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा ताप मोजून लिहून ठेवावा. घोड्याचे नेहमीचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, आणि प्रवासज्वर पुष्कळदा उतरल्याच्या दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. गवत जाळीत न टांगता जमिनीवर टाकावे, म्हणजे साचलेला कफ मान खाली गेल्यावर सुटतो. खोगीर चढवण्याची घाई करू नये. चंदी हळूहळू वाढवावी.

विषुववृत्त ओलांडून आलेल्या घोड्याला मात्र याहून बराच अधिक वेळ द्यावा लागतो. त्याच्या अंगावरचे केस दिवसाच्या लांबीनुसार वाढतात आणि झडतात, त्यामुळे हिवाळ्याची दाट लोकर घेऊन आलेला घोडा ऐन उन्हाळ्यात उतरतो आणि घामाने भिजून जातो. त्याचे केस कातरावे लागतात. घोडीचे माजावर येणेही प्रकाशावरच अवलंबून असल्याने तिचे चक्र जुळायला काही महिने लागतात. शर्यतीच्या घोड्यांचे वय उत्तर गोलार्धात १ जानेवारीला आणि दक्षिण गोलार्धातील ऑस्ट्रेलियासारख्या देशांत १ ऑगस्टला एकदम वाढते असे मानले जाते, म्हणून दक्षिणेतून आलेले तरुण घोडे त्याच वयाच्या गटातल्या उत्तरेकडच्या घोड्यांपेक्षा प्रत्यक्षात काही महिन्यांनी लहान किंवा मोठे असतात, आणि कोणत्या गटात धावायचे हे ठरवताना जन्माची खरी तारीख पासपोर्टातच पाहावी लागते.